जुन्या नळयोजनेचे काय करायचे?

वाचकांचे प्रश्न : गावचे पाणी

या महिन्यात आलेल्या पत्रांतील बहुतेक पत्रे एकाच दुखण्याची आहेत. गावाची नळयोजना जुनी झाली आहे, ती रोज कुठे ना कुठे बिघडते आणि पुढे काय करावे हे ठरत नाही. त्यातील सहा पत्रे थोडक्यात देऊन त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या गावाची नळयोजना १९९४ सालची आहे. नाल्याकाठी विहीर, तिथून टाकीपर्यंत सव्वा किलोमीटरचा पाइप, ५० हजार लिटरची टाकी आणि गावभर पीव्हीसी पाइपाचे जाळे आहे. वर्षभरात पाइप किती वेळा फुटला याची गणती राहिली नाही. सदस्यांचे म्हणणे असे, की डागडुजीवर पैसा घालवण्यापेक्षा सरळ नव्या योजनेचा ठराव पाठवावा. सगळेच बदलण्याची खरोखर गरज आहे का, आणि नसेल तर सुरुवात कुठून करावी? (एक महिला सरपंच, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील "गणती राहिली नाही" या शब्दांपासूनच सुरुवात करावी लागेल. पाइप कुठे, कधी आणि कितीदा फुटला हे लिहून ठेवलेले नसेल, तर कोणता पाइप बदलायचा हे ज्याचा आवाज मोठा त्याच्या म्हणण्यावर ठरते. आजपासून एक साधी वही घाला. तारीख, गल्ली, कोणाच्या घरासमोर, पाइपाचा व्यास, काय फुटले (सांधा, पाइपाचे अंग की घरजोडणीची जागा), पाणी किती तास बंद राहिले आणि खर्च किती आला, एवढ्या नोंदी पुरेत. मागचे काही कळणार नाही असे समजू नका. ग्रामपंचायतीच्या दप्तरात दुरुस्तीच्या खर्चाची प्रमाणके (व्हाउचर) असतात आणि प्लंबरच्या बिलावर बहुधा गल्लीचे नाव असते. तीन वर्षांची बिले घेऊन ग्रामपंचायत अधिकारी आणि दोन सदस्य एक दुपार बसले, तर कोणत्या गल्लीत पैसा मुरतो आहे ते कागदावर दिसू लागेल.

दुसरे काम नकाशाचे. योजनेचा मूळ नकाशा सापडला तर उत्तमच, पण पुढे लोकांनी ज्या जोडण्या वाढवल्या, ज्या फाट्या काढल्या, त्या त्यात नसतात. ही माहिती एकाच माणसाकडे असते, आणि तो म्हणजे जुना पाणी सोडणारा. यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात सत्तरी ओलांडलेल्या अशा एका निवृत्त कर्मचाऱ्याबरोबर मी गावभर फिरलो आहे. हातात चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन ते पुढे चालत होते आणि रस्त्यावर रेघ ओढत सांगत होते, की इथे पाइप वळतो, या ओट्याखाली एक व्हॉल्व्ह गाडला गेला आहे, या कोपऱ्यावर अडीच इंची संपून दीड इंची सुरू होतो. ग्रामपंचायतीत कोणालाही ठाऊक नसलेले तीन व्हॉल्व्ह त्या सकाळी सापडले. त्या रेघेचे मोबाइलवर फोटो काढून, पावले मोजून, साध्या कागदावर नकाशा उतरवून घेता येतो. असा माणूस आपल्या गावात असेल तर त्याला या आठवड्यातच बोलवा. ही माहिती पुढे स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना २२ मध्ये, भागवार चढवावी. "नळयोजना, एक नग" अशी एका ओळीची नोंद मला कितीतरी दप्तरांत दिसली आहे, आणि तिच्यावरून कोणतेही नियोजन होऊ शकत नाही.

आता फुटण्याच्या कारणाकडे वळू. आपला भाग काळ्या मातीचा आहे. ही माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचा पाऊस पडला की तीच माती फुगते. वर्षातून एकदा जमीन अशी खालीवर होत असताना तिच्यात उथळ पुरलेला पाइप सांध्यातून निखळतो. म्हणूनच मे-जून या दोन महिन्यांत फुटण्याच्या तक्रारी वाढतात. पाइपाला निदान ९० सेंटिमीटर खोली मिळाली आणि त्याच्या खाली, बाजूंनी व वर काळ्या मातीऐवजी वाळू किंवा बारीक मुरूम भरला, तर हा त्रास बराच कमी होतो. जुन्या चरात तोच व्यास, तीच खोली आणि तीच काळी माती वापरून नवा पाइप टाकल्यास आपण नवा पाइप घेऊन जुनेच दुखणे पुन्हा पुरतो. मी एका गल्लीत चर उकरताना दहा फुटांच्या अंतरात सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेल्या पाच जागा पाहिल्या आहेत. त्या पट्ट्या बांधणाऱ्याची चूक नव्हती. रात्री गावाला पाणी देण्यासाठी हाताशी असलेल्या साधनाने त्याने वेळ निभावून नेली होती. पण पाच पट्ट्यांपर्यंत गोष्ट गेली, याचा अर्थ तो तुकडा बदलण्याची वेळ फार आधी येऊन गेली होती.

क्रम ठरवताना प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारावेत. हा भाग फुटण्याची शक्यता किती, आणि तो फुटला तर किती घरे किती दिवस पाण्यावाचून राहतील? आठ घरांच्या गल्लीतील पाइप वर्षातून चार वेळा फुटत असेल तर तो त्रासदायक आहे. मात्र विहिरीपासून टाकीपर्यंतची ऊर्ध्ववाहिनी वर्षातून एकदाच फुटत असली तरी त्या दिवशी सारे गाव कोरडे राहते, म्हणून तिचा क्रमांक वर लागतो. पंपाचेही तसेच आहे. पंप जळाल्यावर नागपूर किंवा अमरावतीहून नवा येईपर्यंत चार दिवस जातात, म्हणून एक दुरुस्त केलेला जादा पंप आणि स्टार्टर गावात ठेवणे हा पाइप बदलण्याइतकाच नूतनीकरणाचा भाग आहे.

"३० वर्षे झाली, आता आयुष्य संपले" हा युक्तिवाद मात्र जपून वापरा. केंद्र शासनाच्या १९९९च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत जलवाहिन्यांसाठी ३० वर्षे, पंप व मोटारींसाठी १५ वर्षे आणि गावातील टाकीसाठी १५ वर्षे असा कालावधी दिला आहे. तो संकल्पनाचा कालावधी आहे, म्हणजे तेवढ्या वर्षांत वाढणाऱ्या लोकसंख्येला पुरेल अशी क्षमता धरावी असा त्याचा अर्थ. १६व्या वर्षी टाकी निकामी होते असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. चांगल्या मुरमात खोल पुरलेला पाइप ४० वर्षे टिकतो आणि काळ्या मातीत उथळ टाकलेला दहाव्या वर्षी त्रास देऊ लागतो. आपली वही जे सांगेल ते वयापेक्षा खरे.

क्षमतेचा प्रश्न मात्र वेगळा आणि खरा आहे. आपली योजना झाली तेव्हा ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ४० लिटर हा निकष होता. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये तो ५५ लिटर झाला. दरम्यान गाव वाढले, घरोघरी शौचालये झाली, आणि वैशाख-ज्येष्ठात प्रत्येक घरातील कूलर दिवसाला दोन-चार बादल्या पाणी पितो. गावाची लोकसंख्या १,६०० असेल तर ५५ लिटरने दररोज ८८ हजार लिटर पाणी लागेल, आणि ५० हजार लिटरची टाकी दोनदा भरावी लागेल. तेवढे पाणी मे महिन्यात विहिरीला आहे का, हे सर्वांत आधी मोजा. विहीर एप्रिलमध्येच तळ गाठत असेल तर गाळ काढणे, नाल्यावर बंधारा, पुनर्भरण किंवा नवा उद्भव (पाण्याचा स्रोत) यांवरचा खर्च आधी आणि पाइपावरचा नंतर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा यासाठी सल्ला घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर वा बोअर घेण्यावर १९९३च्या भूजल कायद्यापासून निर्बंध आहेत, हेही ग्रामसभेत वाचून दाखवण्याजोगे आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. गल्लीत सिमेंट रस्ता मंजूर झाला, की त्याच दिवशी त्याखालच्या पाइपाचा विचार झाला पाहिजे. ३० वर्षांच्या पाइपावर सहा इंच काँक्रीट ओतायचे आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच ब्रेकर लावून फोडायचे, हे मी इतक्या गावांत पाहिले आहे की आता ते पाहवत नाही. रस्त्याच्या कामाआधी त्या गल्लीतील पाइप बदलावा, तो रस्त्याच्या कडेला घ्यावा, आणि रस्त्याखालून आडव्या जाणाऱ्या घरजोडण्यांसाठी मोठ्या व्यासाचे रिकामे पाइप आधीच टाकून ठेवावेत. पुढे जोडणी बदलायची झाल्यास रस्ता फोडावा लागणार नाही. ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात रस्ते आणि पाणी ही दोन पाने शेजारी ठेवून वाचली, तर एवढे सहज साधते.

तेव्हा ठराव जरूर पाठवा, पण "नवीन योजना मिळावी" एवढ्याच मजकुराचा नको. फुटण्याची नोंद, नकाशा, मे महिन्यातील विहिरीची पातळी आणि त्यावरून ठरलेले टप्पे त्याला जोडा. अंदाजपत्रक तयार होताना शाखा अभियंत्यांना एक प्रश्न नक्की विचारा : जुन्या योजनेचा कोणता भाग चांगला समजून त्यात तसाच धरला आहे, आणि तो चांगला असल्याचे कशावरून ठरवले? नव्या पाइपाला जुना गळका पाइप जोडला गेला तर दाब वाढताच जुना आधी फुटतो. जल जीवन मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली, आणि त्यात कामांच्या दर्जावर व देखभालीवर भर देण्याचे म्हटले आहे. आपल्या हातात आकडे असतील तर त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : मी १४ वर्षांपासून गावात पाणी सोडतो. पावसाळ्यात व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिली दहा मिनिटे गढूळ पाणी येते. मी टाकीत नेमाने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, तरी लोक मलाच बोलतात. गळती कुठे आहे ते कसे शोधावे? (एक पाणीपुरवठा कर्मचारी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : भाऊ, टाकीतील पाणी स्वच्छ असून नळाला गढूळ येते, म्हणजे घाण वाटेत शिरते आहे, आणि त्यात आपला दोष नाही. आपल्या गावांत पाणी दिवसातून तास-दोन तास सुटते. त्या वेळी पाइप भरलेला असतो आणि गळतीतून पाणी बाहेर जाते. व्हॉल्व्ह बंद केला की पाइप रिता होतो, आत पोकळी तयार होते, आणि ज्या भोकातून पाणी बाहेर गेले त्याच भोकातून नालीचे पाणी आत ओढले जाते. त्यात कोणी नळाला टिल्लू पंप लावला असेल तर ओढ आणखी वाढते. पाइप नालीतून किंवा नालीखालून गेला असेल, व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये सांडपाणी साचत असेल, तर कावीळ आणि हगवणीची वाट तिथूनच आहे. म्हणून नूतनीकरणाच्या यादीत नाली ओलांडणारे तुकडे, मग ते कितीही लहान असोत, सर्वांत वर ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे.

गळतीची चाचणी आपण स्वतः करू शकता. आदल्या दिवशी दवंडी द्या, की रात्री अमुक वेळेला कोणी पाणी घेऊ नये आणि तोट्या बंद ठेवाव्यात. ज्या नळांना तोटीच नाही, त्यांना लाकडी खुंटी मारून घ्या. टाकी भरून बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि तासभर पातळी पाहा. तेव्हाच पातळी उतरली तर टाकी किंवा तो व्हॉल्व्ह गळतो आहे. ती स्थिर राहिली तर व्हॉल्व्ह उघडा, पाइप भरू द्या आणि मग पुन्हा तासभर मोजा. टाकी गोल आणि आतून पाच मीटर व्यासाची असेल तर पातळीचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे सुमारे १९६ लिटर पाणी. तासात सहा सेंटिमीटर उतरले तर जवळपास १,२०० लिटर जमिनीत गेले. त्यानंतर एकेका वॉर्डाचा व्हॉल्व्ह बंद करत जा. ज्याचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर पातळी उतरणे थांबेल किंवा मंदावेल, त्या वॉर्डात गळती आहे. व्हॉल्व्ह नीट बसत नसतील तर ही चाचणीच करता येत नाही, म्हणून पाइपाआधी व्हॉल्व्ह बदलून घेण्याचा आग्रह धरा.

टीसीएलचेही पाहा. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते, पण पोते उघडे राहिले, ओल लागली, की ते झपाट्याने उडून जाते. ५० हजार लिटर पाण्याला लिटरमागे दोन मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर ताजी पावडर ३०० ग्रॅम पुरते, आणि तीच २० टक्क्यांवर उतरली असेल तर ५०० ग्रॅम लागते. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचे निवळ टाकीत सोडा आणि अर्ध्या तासानंतरच पाणी सोडा. ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पिवळ्या रंगावरून पाहण्याची चाचणी, टाकीजवळ करून भागत नाही, शेवटच्या घरच्या नळाला करा. तिथे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. टाकीजवळ पिवळा रंग येतो आणि अमुक एका गल्लीत येत नाही, असे दोन-तीनदा दिसले तर त्या गल्लीचा पाइप बदलण्यासाठी याहून चांगला पुरावा नाही. तो तारखेसह लिहून ग्रामपंचायतीला द्या आणि पोच घ्या. जल जीवन मिशनमध्ये पाणी तपासण्यासाठी गावातील पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांनाही सोबत घ्या, म्हणजे आपण एकटे पडणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे ३१० नळजोडण्या आहेत. पाणीपट्टी वाढवायचे नाव काढले की ग्रामसभेत गोंधळ होतो. नूतनीकरणासाठी दरवर्षी किती बाजूला ठेवावे याचा काही हिशेब आहे का? (ग्रामपंचायत सदस्य, ता. तिवसा, जि. अमरावती)

उत्तर : हिशेब सोपा आहे. प्रत्येक वस्तूच्या आजच्या किमतीला ती प्रत्यक्षात जितकी वर्षे टिकते त्या वर्षांनी भागायचे. शेतकऱ्याला बैलजोडीचा किंवा ट्रॅक्टरचा घसारा कळतो, तसाच हा नळयोजनेचा घसारा. पुढचे आकडे पद्धत दाखवण्यासाठी धरलेले आहेत, आपण आपल्या भागातील भाव घालावेत.

समजा, पंपसंच एक लाख २० हजारांचा आणि आठ वर्षे टिकणारा आहे, तर वर्षाला १५ हजार. स्टार्टर व केबल ४० हजार आणि पाच वर्षे, म्हणजे आठ हजार. २० व्हॉल्व्ह प्रत्येकी सहा हजारांचे आणि दहा वर्षे टिकणारे, म्हणजे १२ हजार. टाकीची मोठी दुरुस्ती दर दहा वर्षांनी तीन लाखांची, म्हणजे ३० हजार. इथवर वर्षाला ६५ हजार झाले. ३१० घरांत वाटले तर घरामागे वर्षाला २१० रुपये, महिन्याला साडेसतरा. गावातील चार हजार मीटर पाइप खोदाईसह मीटरला ६०० रुपयांनी धरला तर २४ लाख होतात, आणि २५ वर्षांत विभागले तर वर्षाला आणखी ९६ हजार. ते धरून घरामागची रक्कम महिन्याला ४३ रुपयांवर जाते, आणि वीज, पगार, टीसीएल यांचा चालू खर्च त्याहून वेगळा.

माझा सल्ला असा, की लवकर झिजणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे पंप, स्टार्टर, व्हॉल्व्ह आणि टाकीच्या दुरुस्तीचा भार गावाने स्वतः उचलावा, आणि पाइपाच्या मोठ्या कामासाठी शासनाचे अनुदान मागावे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करण्याची, होती आणि तिच्यातील निम्मी पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी होती. अशा निधीतून दरवर्षी एक-दोन गल्ल्या बदलत गेल्यास २५ वर्षांनी सगळे एकदम कोसळण्याची पाळी येत नाही. घसाऱ्याची रक्कम मात्र ग्राम पाणीपुरवठा निधीच्या खात्यातही वेगळी दाखवा, शक्य तर मुदत ठेवीत ठेवा, आणि दिवाबत्तीच्या बिलासाठी तिला हात लावू नका.

ग्रामसभेतील गोंधळाचे कारण बहुधा वाढ नसून अविश्वास असते. दर वाढवण्याआधी मागच्या वर्षीचा जमाखर्च पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. थकबाकीदारांमध्ये सदस्यांचीच घरे असतील तर ती आधी भरा. वसुलीची वेळही आपल्याकडे पिकाशी बांधलेली आहे. कापूस आणि तूर विकली जाते त्या हंगामात, जानेवारी ते मार्च, वसुली होते. आषाढात पेरणीसाठी पैसा गोळा करणाऱ्या घरी पावतीपुस्तक घेऊन जाण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमच्या गावातील मुख्य वाहिनी जुन्या एसी, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पाइपाची आहे. त्यातील पाणी पिणे धोक्याचे आहे का? ती तातडीने काढावी का? (एक शिक्षक, ता. मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, पाण्यावाटे पोटात जाणाऱ्या ॲस्बेस्टॉसमुळे आजार होतो असा खात्रीलायक आणि सुसंगत पुरावा नाही. धोका आहे तो त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात जाण्याचा. म्हणून जमिनीत असलेला पाइप घाईने उकरून काढू नका. नवी वाहिनी शेजारून टाका आणि जुनी रिकामी करून आहे तिथेच सोडा. दुरुस्तीसाठी कापावा लागला तर कोरडा कापू नये, पाणी टाकत हाताच्या करवतीने कापावा, नाका-तोंडाला योग्य मास्क लावावा. काढलेले तुकडे ओटा बांधायला किंवा गुरांच्या गोठ्यात वापरायला कोणालाही देऊ नयेत. हा पाइप ठिसूळ असतो आणि वरून जड ट्रॅक्टर-ट्रॉली गेली की तडकतो, म्हणून बदलण्याच्या यादीत तो वरच राहील, पण कारण फुटण्याचे आहे.

प्रश्न : आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. प्रादेशिक योजनेचे, म्हणजे अनेक गावांच्या सामाईक योजनेचे, पाणी बऱ्याच दिवसांच्या अंतराने येते. गावात खाऱ्या पाण्याची जुनी बोअर आहे. तिचे पाणी त्याच नळांत सोडावे, असे काहींचे म्हणणे आहे. (एक वाचक, जि. अकोला)

उत्तर : तसे करू नये. पूर्णेच्या खोऱ्यातील या पट्ट्यात भूजलच खारे आहे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तेव्हा २,००० पर्यंत चालते. खारे पाणी एकदा जाळ्यात गेले की गोडे पाणी आल्यावरही बराच वेळ नळाला मचूळ येते, आणि लोखंडी पाइप व व्हॉल्व्ह लवकर सडतात. बोअरचे पाणी वापरण्यासाठी वेगळी लहान टाकी आणि चौकात दोन-चार वेगळे नळ द्यावेत, त्यांवर "पिण्यासाठी नाही" असे ठळक लिहावे.

दूरच्या धरणापासून येणारी मोठी वाहिनी बदलणे गावाच्या हातात नाही, पण गावाच्या वेशीवर किती पाणी पोचले हे मोजणे आहे. तिथे मीटर बसवून घ्या आणि पाणी आलेल्या प्रत्येक दिवशी आकडा लिहा. ओळीतील शेवटच्या गावाला कमी पाणी मिळते, ही तक्रार सगळेच करतात. वर्षभराच्या मीटरच्या नोंदी असलेली तक्रार मात्र नाकारणे कठीण जाते. पाणी जास्त दिवसांनी येत असेल तर गावातील साठवण वाढवणे आणि वेशीच्या आतील गळती शून्यावर आणणे, हे आपले नूतनीकरण. इतक्या लांबून आलेले गोडे पाणी गावात येऊन नालीला जाणे, याच्यासारखे दुःख नाही.

प्रश्न : शाळेजवळच्या आमच्या टाकीचे प्लॅस्टर निघून लोखंडी सळ्या दिसू लागल्या आहेत. वरून प्लॅस्टर करून घेतले तर चालेल का? (शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, ता. मानोरा, जि. वाशीम)

उत्तर : चालणार नाही. सळई गंजली की फुगते आणि आतून काँक्रीट ढकलून देते. वर नवे प्लॅस्टर केले तरी आत गंज चालूच राहतो, आणि आता तो दिसतही नाही. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाला लेखी कळवून टाकीची संरचना तपासणी मागा. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतून अशी तपासणी होते. काँक्रीटची ताकद, गंजाची खोली आणि खांबांच्या पायाची स्थिती पाहून दुरुस्ती शक्य आहे की टाकी पाडावी, हे ते लिहून देतात.

तो अहवाल येईपर्यंत टाकी अर्ध्याहून जास्त भरू नका, शिडीचे दार कुलूपबंद करा आणि टाकीच्या उंचीएवढ्या अंतरावर चहूबाजूंनी काटेरी कुंपण घाला. त्या सावलीत मुले डबा खायला बसत असतील तर त्यांची जागा उद्याच बदला. टाकी पाडायचे ठरल्यास पाणी बंद पडू नये म्हणून विहिरीवरून थेट वितरणाची जोडणी आणि जमिनीवर ठेवता येतील अशा प्लॅस्टिकच्या टाक्या यांची सोय आधी करावी, आणि पाडण्याचे काम शाळेच्या सुटीत, प्रशिक्षित कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे.